काचवाल्याचे हात

पीएचडीच्या वर्षांत सौरघटासाठी लागणाऱ्या काचेच्या पट्ट्या मी लक्ष्मीपुरीतल्या एका म्हाताऱ्या काचवाल्याकडून कापून आणायचो. रॉकेलात बुडवलेल्या कटरने तो रेघ मारायचा, पट्टी तोडायचा आणि मायेने धोतराला पुसून हातात द्यायचा. प्रयोगशाळेत त्या काचेवर चढवलेला पातळ थर सहा महिने सुटत राहिला.

एक दिवस मी त्याच्यावर खेकसलो, "तुमच्या हाताचं तेल लागतंय काचेला!"

तो नुसता आपल्या तळहातांकडे बघत राहिला. खरं तर काच नीट धुणं माझंच काम होतं.

पुढे एका घटाने वीज दिली. मी तो घेऊन दुकानात गेलो. दाराशी उन्हात धरताच त्याला जोडलेल्या मीटरचा काटा हलला. कौतुकाने मी घट त्याच्यापुढे धरला.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नगं पावणं, लांबनंच बघतो की."