हरित रसायनशास्त्राचं स्वागत

नगरच्या आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख कुठल्याही मागणीवर खडूनं टेबल वाजवत विचारतात, "अभ्यासक्रमात आहे का?" 'कमी रसायनांत प्रयोग शिकवा, विषारी पाणी मोरीत ओतू नका' हे पत्रक मी त्यांना दिलं, तर त्यांनी हरित रसायनशास्त्रावर चक्क व्याख्यान ठेवलं! पाहुण्यांसमोर प्रयोगशाळा चकाकावी म्हणून आदल्या दिवशी सगळी काचेची भांडी जहाल विषारी क्रोमिक ॲसिडनं धुवून घेतली आणि ते ॲसिड मोरीत सोडलं. मोरीचं पाणी जातं इमारतीमागं शिपाईमामांनी लावलेल्या मेथीत.

ऐन व्याख्यानात मामा खिडकीशी आले. "सर, समदी मेथी जळाली हो. पोरं काय खातील?"

विभागप्रमुख सरांनी खिडकी ओढून घेतली. "हळू बोला! आत पर्यावरण चाललंय."