वाकड्या कण्याचा नर

गोत्रीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत नऊ टाक्या होत्या. हातात नव्याने पैसा आलेल्या लोकांना तेव्हा दिवाणखान्यात मासे हवे असत. मी गप्पींची पैदास करून अलकापुरीतल्या एका दुकानाला द्यायचे. दुकानदाराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बेन, वांको माल नहीं चाले."

वाकड्या कण्याचा मासा तो घेत नसे, म्हणून दर रविवारी निवड. तीन आठवड्यांची पिल्लं भिंगातून पाहायची. पोटाखालचा पर टोकदार होऊ लागला तर नर, पंख्यासारखा राहिला तर मादी. माद्या लगेच वेगळ्या टाकीत, कारण नर एकदा लागला की मादी पुढे कित्येक महिने त्याचीच पिल्लं देते. वाकडी निघालेली पिल्लं ऑस्करला. तळहाताएवढा हा मासा मी त्यासाठीच पाळला होता.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एक वाकडा नर आवडला. "आई, तो छान पोहतो गं."

"ऑस्करही छान खातो. जा, टाकून ये."

ती गेली आणि रिकामी जाळी घेऊन परत आली. मी काही तपासलं नाही. तिने त्याला लोणच्याच्या बरणीत घालून पलंगाखाली लपवलं होतं. महिन्याभराने मी चार दिवस पादरा गावी गेले, तेव्हा त्याला एकटं वाटू नये म्हणून तिने त्याला माद्यांच्या टाकीत सोडलं. मी परतले तर हा सगळ्यांच्या मागे धावतोय. वर्षभर जुळवलेलं निळ्या शेपटीचं वाण गेलं. मी तिला सांगितलं, आता या सगळ्या माद्या निकामी.

ती रडायला लागली. "मी टाकते त्याला ऑस्करला. बाकीच्यांना नको ना गं!"

"तो राहू दे. त्याने करायचं ते केलं. आता माद्या टाक."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि तूच."

जाळीतून फरशीवर पाणी सांडत होतं. मी तिच्या हातात फडकं दिलं.

वाकड्याला मी परत बरणीत घालून तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं. "घे, तुझा." ती बरणीपुढे वही उभी करून गृहपाठ करायची.

एका रविवारी मी पिल्लं निवडत होते. ती बरणी घेऊन गॅलरीत आली, ऑस्करच्या टाकीत उपडी केली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "दे, भिंग मी धरते."

तिने तीन वाकडी काढली. त्यातलं एक मला सरळ वाटत होतं. मी जाळी तिच्याकडे सरकवली.