मराठी आवाज वेगळा केला तेव्हा

माझ्या चुकीमुळं बसवराज काका त्यांच्या जिवलग मित्राला शेवटचं भेटू शकले नाहीत.

काका काल सकाळी गेले. झोपेतच.

काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. सोलापुरात एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन हुबळीला. घरी ते आणि त्यांचा कॉम्प्युटर. स्क्रीनवरचं सगळं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, मराठीत.

तो मराठी आवाज ज्या पॅकेजमधून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यातून यायचा, ते मी सांभाळायचे. नोकरी करून उरलेल्या वेळात, एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या एका सिस्टिमसाठी. फुकट. त्याचा मला अभिमानही होता.

तेव्हा काका मला ओळखत नव्हते. मी त्यांना ओळखत नव्हते.

बोलणारं सॉफ्टवेअर आणि सगळ्या भाषांचे आवाज एकाच पॅकेजमध्ये होते. ते फार जड झालं होतं. मी ते फोडलं. सॉफ्टवेअर आणि इंग्रजी आवाज एकीकडं, बाकी प्रत्येक भाषेचं वेगळं पॅकेज. ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं.

जुन्या लोकांना अपडेटनंतर आपला आवाज पुन्हा इन्स्टॉल करावा लागणार होता. तसं मी बदलांच्या यादीत लिहिलं होतं. इंग्रजीत. खालून तिसऱ्या ओळीत.

चार दिवसांनी एक तक्रार आली. इंग्रजीतच.

"माझ्या कॉम्प्युटरमधून मराठी गेली आहे. मला कुणी सांगितलं नाही."

खाली नाव आणि सोलापूर.

मी पण सोलापूरचीच. त्यांना मेल करून पत्ता विचारला, स्कूटी काढली आणि गेले. खरं सांगायचं तर मदत करायला जातेय म्हणून जरा खुशीतच गेले.

काका म्हणाले, शेजारच्यांना दाखवलं, ते म्हणतात स्क्रीन तर चांगली दिसतेय. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटत होतं.

मी एक कमांड दिली. दोन मिनिटांत आवाज आला.

काका हसले. लगेच मेल उघडले. मी शेजारीच उभी होते.

पहिला मेल त्यांच्या मित्राचा, गुरुनाथ यांचा. अंधशाळेतल्या हॉस्टेलपासूनची दोस्ती. ते श्रीपूरला राहायचे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं गेलं होतं, त्यामुळं फोनचा उपयोग नव्हता. दोघं रोज एकमेकांना लिहायचे.

कॉम्प्युटरनं त्याच्या त्या सपाट आवाजात वाचलं, "बसू, परवा मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. त्याच्या आधी एकदा येऊन जा."

तारीख चार दिवसांपूर्वीची.

दुसरा मेल एका ओळीचा. "येतोस ना?"

तिसरा त्यांच्या पुतण्याचा. गुरुनाथकाका काल गेले, माती झाली, तुमचा नंबर मिळाला नाही म्हणून इथं कळवतोय.

काकांनी दुसरा मेल परत ऐकला. मग परत.

मग एवढंच म्हणाले, "त्याला वाटलं असंल, मी आलो न्हाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. पॅकेज कुणी फोडलं, का फोडलं. त्यांनी विचारलं, सांगितलं होतंस काय कुणाला? मी म्हणाले, यादीत लिहिलं होतं.

"ती यादी कोण वाचतं?"

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं.

"रडालीस काय? बस की. पाणी पी."

घरी आले आणि ठरवलं की हे काम सोडायचं. पंधरा दिवस लॅपटॉप उघडला नाही. मग काकांचाच फोन आला. लिंगायतांच्या रीतीनं आधी "शरणु शरणार्थी" असा नमस्कार केला. म्हणाले, सोडून गेलीस तर पुढच्या वेळी कुणीतरी दुसरा फोडंल, त्याला तर सोलापूर कुटं हाय तेही ठाऊक नसंल.

तेव्हापासून काही फोडायचं असलं की मी आधी त्यांच्याकडं जायचे. जुन्या नावाचं पॅकेज रिकामं का होईना ठेवायचं, आणि त्यानं सगळे आवाज आपोआप ओढून आणायचे, हे आम्ही पक्कं केलं. अपडेट आधी थांबणार, काय बदलतंय ते बोलून दाखवणार, मगच पुढं जाणार.

त्या सूचना काका तपासायचे. मी एकदा लिहिलं, "सदर पॅकेज विभाजित करण्यात आले आहे."

"असं कोण बोलतं बाळ? लिही की, तुमचा मराठी आवाज आता वेगळा मिळेल. तो काढून टाकलात तर कॉम्प्युटर मराठी वाचणार नाही."

तसंच लिहिलं. कित्येक जणांची मराठी त्यामुळं गेली नाही. गुरुनाथांचं नाव मात्र त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही.

काल माती झाल्यावर त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, तुम्ही बाबांना फार जपलंत. मग म्हणाली, गुरुनाथकाकांच्या वेळी बाबांचा कॉम्प्युटर बिघडला होता, नाहीतर ते नक्की गेले असते.

बिघडला होता. काकांनी घरात एवढंच सांगितलं होतं. इतकी वर्षं.

मी तिला तिथंच खरं सांगितलं.

तिनं हात सोडला. आत गेली. अजून बोललेली नाही. बोलावंच असं माझं म्हणणंही नाही.

काकांनी झाकलं होतं. मला ते झाकून ठेवायचं नाही, म्हणून इथंही लिहिलं.

काका, तुमच्या मित्राचीही माफी मागते.

शरणु शरणार्थी.