बहात्तर मुलींचा ठावठिकाणा

हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीमागे मावशींनी सत्तावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता, तोच स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. गेल्या वीस वर्षांत तिथे बहात्तर लहान मुलींच्या अंडाशयातल्या गाठींवर ऑपरेशनं झाली होती. बहुतेकींचं एका बाजूचं अंडाशय काढावं लागलं होतं. पुढे त्यांची पाळी नीट आली का, ज्यांना मुलं हवी होती त्यांना झाली का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंना ते शोधून काढायचं होतं, पण आधी मुली सापडायला हव्या होत्या.

मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. बातमी ऐकून ते म्हणाले, "दिवसभर बोलण्याचीच नोकरी, म्हणजे माझ्यासाठी उरलंसुरलं एखादं वाक्य तेवढं घरी आणत जा."

जिन्याखालची एक खोली मिळाली. टेबल, फोन, पिवळ्या पडलेल्या फायली, आणि खिडकीतून दिसणाऱ्या दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. जुने नंबर बहुतेक बंद पडलेले. मग मावशी फायलीतला शाळेचा नंबर फिरवत, शेजाऱ्यांचा फिरवत. कशासाठी शोधतोय हे मात्र त्या मुलीखेरीज कुणालाही सांगायचं नाही, असा नियम होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही. वर्षभरात पन्नास जणी सापडल्या. एकीला जुळी झाली होती. तिने दोघांचं रडणं फोनवर ऐकवलं. एकीने ताडकन फोन ठेवला. दोघी मात्र हयात नव्हत्या. ते कळलं त्या दिवशी मावशी लवकर निघाल्या आणि यजमानांच्या दुकानातल्या बाकावर नुसत्या बसून राहिल्या.

मग मागे राहून गेलेल्या चौतिसाव्या फायलीचा नंबर लागला. नवव्या वर्षी डाव्या बाजूची गाठ, साधी, कर्करोगाची नव्हे. मुलगी आता सव्वीस वर्षांची असणार. फोन तिच्या आईने उचलला. हॉस्पिटलचं नाव कानावर पडताच ती एवढंच म्हणाली, की मुलगी घरात नाही, पुन्हा फोन करू नका. मावशींनी फायलीवर तसं लिहिलं आणि विषय संपवला.

चौथ्या दिवशी, आईच्या फोनमधला नंबर पाहून, त्या मुलीनेच फोन केला. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. मागे कुत्र्यांचा गलका चालला होता.

"तुमचा फोन आल्यापासून आईचं जेवणात लक्ष नाही," ती म्हणाली. "लहानपणी माझं अपेंडिक्स काढलं म्हणतात. अपेंडिक्स उजवीकडे असतं ना? माझा व्रण डावीकडे आहे."

मावशींच्या हातातलं पेन थांबलं. खोटं बोलवेना, आणि असली गोष्ट फोनवर सांगून टाकणंही बरोबर वाटेना. "तुमची फाइल तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "हवं तेव्हा या. काळजीचं काही नाही. पण आईला बरोबर घेऊन आलात तर बरं."

मुलीने गुरुवार ठरवला. तिचीच परवानगी घेऊन मावशींनी लगेच आईला फोन लावला. आईने सतरा वर्षांचं सगळं ओकून टाकलं. पोरीने स्वतःला अर्धीमुर्धी समजू नये, पुढे लग्नात कुणी नाक मुरडू नये, म्हणून अपेंडिक्स सांगितलं. पुढे खरं सांगायला तोंडच उघडेना.

"ती गुरुवारी येतेय," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे."

गुरुवारी दोघी आल्या. मुलीचा चेहरा फुगलेला, आई दोन पावलं मागे. घरी सांगून झालं होतं. आदल्या दिवसापासून बोलणं बंद होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, सोनोग्राफी केली, उजवं अंडाशय अगदी धडधाकट असल्याचं सांगितलं. मुलीने विचारलं, "म्हणजे एकाच्या जोरावर दर महिन्याला सगळं चाललंय?" डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. "मग पाळीत पोट दुखलं की बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या मी," ती म्हणाली. आईला हसू आलं आणि रडूही. मुलीने आईच्या पदराचं टोक उचलून तिच्याच हातात दिलं आणि संमतीच्या कागदावर सही केली. जाताना दोघी एकाच छत्रीत गेल्या.

शेवटी बहात्तरांपैकी चौसष्ट जणींचा पत्ता लागला. एक अंडाशय उरलेल्यांपैकी ज्यांना मुलं हवी होती, त्यातल्या बहुतेकींना झाली होती. आता लहान मुलींच्या आईबापांशी बोलताना डॉक्टरीणबाई तो तक्ता समोर ठेवतात.

त्यानंतर त्यांनी नवं काम काढलं, मूल होत नसलेल्या पुरुषांचं. यजमान म्हणाले, "पुरुष कसले बोलतात असल्या गोष्टी." मावशींनाही तसंच वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवले. दुसऱ्या आठवड्यात एका सुताराने थांबा म्हणून सांगितलं, करवत बंद केली, दार लावल्याचा आवाज आला, आणि पुढची चाळीस मिनिटं मावशींना फक्त 'हं' म्हणावं लागलं. संध्याकाळी घरी त्यांचा आवाज अगदी ताजातवाना होता. यजमानांनी दोन कप चहा ठेवला आणि ऐकायला बसले.