आबांचं इंजिन आणि माझी आरामखुर्ची

आबांची पिकअप मी शिकवते त्या शाळेच्या फाटकासमोर बंद पडली, तेव्हा आमची प्रार्थना चालू होती. आधी काळा धूर आला, मग शेळ्या आल्या. गाडी ढकलायची तर वजन कमी करावं म्हणून आबांनी मागची फळी उघडून शेळ्यांना खाली उतरवलं होतं, म्हणे. शेळ्या काय रस्त्याकडेला रांगेत उभ्या राहतात होय! त्या तडक आत आल्या आणि एकीनं सरस्वतीच्या फोटोचा हार खाल्ला. मुख्याध्यापकांनी "कुणाच्या शेळ्या या?" म्हणून विचारलं, तर सगळी शाळा माझ्याकडं बघायला लागली. बाईंच्या बापाची गाडी लेकरांना बरोबर ओळखू येते मेली!

त्याच संध्याकाळी वळसंगला आई-आबांच्या घरी जाऊन मी तोंड सोडलं. "आबा, बास झालं आता. गुडघे दुखतात, गाडी धूर ओकते. भंगारात द्या आणि निवांत घरात बसा."

आबा ती गाडी माझ्या शाळेच्या दिवसांपासून हाकतात. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मागांवरचे चादरींचे गठ्ठे भरून बाजाराला न्यायचे, येताना शेळ्या, कडबा, नाहीतर कुणाचं तरी वऱ्हाड. किती किलोमीटर झाले ते देवाला ठाऊक, कारण मोजणारा काटा थकून केव्हाच थांबलाय. इंजिन तर डिझेलच्या जोडीनं ऑइल प्यायचं. तरी आबा म्हणाले, "ह्या वयात मला नवी गाडी कोण देणार हाय हाकायला? ही गेली की मी बी घरातच पडलो की."

"तेच तर म्हणते मी. पडा!"

आणि नुसतं म्हणून थांबले नाही. सोलापुरातून एक झकास आरामखुर्ची आणली. लोखंडी, कापडी पाठीची, दोन्ही बाजूला बोल्ट आणि मागंपुढं होणारी. ओसरीत ठेवली. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "तिरडी आणलीस व्हय गं?"

शेवटी करार झाला. आबा इंजिनाचं सगळं काम करून घेणार. दसऱ्याला पूजा झाल्यावर गाडी एका सेल्फात सुरू झाली, तर मी जन्मभर गप्प बसायचं. नाही झाली, तर गाडी भंगारात आणि आबा खुर्चीत. मी लगेच भंगारवाल्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगून टाकलं. गणिताची बाई आहे मी, अंदाज चुकत नाही माझा.

भवानी पेठेतले आबांचे जुने मिस्त्री आले. चिंचेच्या फांदीला साखळी बांधून त्यांनी इंजिन वर उचललं, तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एकजण तर मधमाश्यांच्या पोळ्याचा धूर द्या म्हणाला. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मिस्त्रींची एक पद्धत होती. सुटे भाग ते सोलापुरी चादरीवर मांडायचे, नक्षीप्रमाणे. लाल चौकटीत पहिल्या सिलिंडरचं सामान, हिरव्यात दुसऱ्याचं, काठाच्या वेलबुट्टीवर नटबोल्ट ओळीनं. "चाचा, ये चद्दर मेरा नकाशा है," ते आबांना म्हणाले. "कोई हात नै लगाना." आणि इंजिनाचं मोठं धूड घेऊन ते सिलिंडर आतून कातून घ्यायला लेथवर गेले. आबाही बरोबर गेले.

आता घट बसायला आले होते. घट बसायच्या आधी आमच्या घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुतलं जातं. त्या दिवशी आईच्या तावडीतून माणूस सुटेल, चादर नाही. तिनं अंगणातली ती चादर बघितली आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! देवीच्या तोंडावर ही कळा?"

मिस्त्री परत आले तेव्हा नकाशा दोरीवर वाळत होता.

भाग कुठं होते? घमेल्यात. आईनं ते नुसते गोळा केले नव्हते, घासलेही होते. चिंच लावून! व्हॉल्व्ह असे चमकत होते की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. मिस्त्री मटकन खाली बसले. "अम्मा, ये इंजिन है, तांब्या नै!"

आईला काही कळेना. "आवो, मी कायबी टाकलं न्हाय. लहान लहान एकीकडं, मोठं मोठं एकीकडं. थांबा, मी मांडून देते परत." आणि खरंच, ओल्या चादरीवर तिनं सगळं पुन्हा मांडलं. दोन्ही बाजूंना सारखं, मधे पुली आणि भोवती नट. रांगोळीच ती! एवढ्यावर हळदीकुंकू वाहिलं असतं तर इंजिनाला मोक्ष मिळाला असता.

मी रविवारची घरी आले होते, हसून हसून वाकले. मग आबांच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि माझं हसू जिरलं. ते गुपचूप ओसरीतल्या खुर्चीकडं बघत होते.

नशीब, मोठ्या भागांवर मिस्त्रींनी छिन्नीनं खुणा करून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी सगळं डिझेलनं धुऊन तेल लावलं आणि पूर्ण नवरात्रभर दोघं चिंचेखाली बसले. आबांचा उपास. ते शेंगदाणे चघळत एकेक भाग पुसून द्यायचे आणि मिस्त्री तो उजेडात धरून कुणाचा कोण ते ओळखायचे. नवे पिस्टन, नव्या रिंगा पडल्या. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा झाली. मीसुद्धा सुट्टीला आले होते. उगीच चहा घेऊन दोनदा जास्तच फिरकले. काय करणार, बापाचा जीव टांगणीला आणि दोरी माझ्याच हातात!

दसऱ्याच्या सकाळी सगळं जागेवर बसलं आणि एक बोल्ट कमी पडला. डायनामो धरून ठेवणाऱ्या पट्टीचा. तो नसला तर पट्टा ढिला, गाडी चालायची नाही. आई हळूच म्हणाली, "चादर झटकताना मोरीत कायतरी टुण्णकन वाजलंवतं खरं." सण म्हणून दुकानं बंद. मिस्त्रींनी मान हलवली.

आबा उठून घरात गेले. थोड्या वेळानं आले ते हातात बोल्ट घेऊन. नटासकट!

"किधर मिला?" मिस्त्रींनी विचारलं.

"देवीनं दिला."

बोल्ट चपखल बसला. झेंडूचा हार चढला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. आबा आत बसले आणि किल्ली फिरवली. घर्र... आणि एकाच सेल्फात इंजिनानं असा सूर धरला की लिंबं चिरडायचीसुद्धा कुणाला आठवण राहिली नाही. आबा उतरले, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. डोळे पाणावले होते.

"धूर गेला," ते म्हणाले.

धुराचा पत्ता नव्हता. माझा जीव मात्र असा भांड्यात पडला, की मी हरले होते हेही क्षणभर विसरले. नंतर आठवलं. मग मात्र फुरंगटून ओसरीत गेले आणि मनात म्हटलं, नाही ना बसत कुणी, मीच बसते. आरामखुर्चीत अंग टाकलं.

धाड्! एका बाजूनं पाठ सुटली, मी पाय वर करून आडवी, आणि अंगावर खुर्ची. उजव्या बाजूच्या बोल्टाच्या जागी नुसतं भोक!

आबा दारात आले. हातात आपट्याचं पान. मला उठवायचं सोडून म्हणतात कसे, "माझ्यासाठी आणलीवतीस न्हवं ती? मग तू कशाला बसलीस?" वर ते पान माझ्या हातात दिलं. "घे, सोनं घे. सोन्यासारखी ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाला दारात हजर. मीच बोलावलेला, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? मी खुर्ची दिली. ती हातगाडीवर चढवायला आबांनीच हात लावला आणि मग पिकअप काढून ते भवानी पेठेला गठ्ठे आणायला गेले.