डाव्या डोळ्यातला माणूस

मल्लखांबावर चष्मा चालत नाही. गाल, मान, कपाळ सगळं खांबाला घासतं आणि खांबाला एरंडेल तेल चोळलेलं असतं. त्यामुळे शाळेत असल्यापासून मी मैदानात शिरतानाच चष्मा काढून सॅकमध्ये टाकायचे. नंबर मायनस सहा. मग सराव संपेपर्यंत जगात कुणालाच चेहरा नसायचा. सर म्हणजे एक उंच निळा पट्टा, बाकीच्या मुली म्हणजे हलणारे रंग. खांब मात्र मला हातापायांनी दिसायचा, त्यामुळे अडत काहीच नव्हतं.

उज्जैनच्या आमच्या मैदानाच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी दार आहे, कायम बंद असलेलं. त्या दाराशी रोज सकाळी एक माणूस उभा असायचा. फिकट कपडे, एक हात दाराला टेकलेला. कुणा मुलीचे वडील असतील असं मी धरून चालले होते. खांबाच्या टोकाला जो लाकडी गोळा असतो त्याला बोंड म्हणतात. त्यावर एका पायावर उभं राहायचं तर नजर एका जागी खिळवावी लागते. सर खालून ओरडायचे, "नज़र टिका, बेटा!" मी ती त्या माणसावर टिकवायचे. तो कधी हलत नसे, म्हणून सोयीचा होता. सराव संपवून, हातपाय पुसून मी चष्मा लावीपर्यंत तो गेलेला असायचा. वडील लोकांना ऑफिस असतं, एवढंच मनात यायचं.

कॉलेजात गेल्यावर मी कॉन्टॅक्ट लेन्स लावायला लागले, पण फक्त स्पर्धेपुरत्या, आणि त्याही कमी नंबरच्या. गादी दिसली की झालं, चेहरे तेव्हाही पुसटच राहायचे. एका निवड चाचणीत मी खांबावर उलटी असताना तेलाचा ओघळ डोळ्यात गेला आणि लेन्स दुमडली. डोळा मिटून कसरतींचा ठरलेला संच पूर्ण केला. शेवटची उडी मात्र गादीच्या काठावर पडली आणि घोटा मुरगळला. निवड तर झाली नाहीच, वर आठवड्याभरात डोळा लालभडक झाला. बुबुळावर पांढरा ठिपका उमटला होता. टावर चौकाजवळच्या डॉक्टरांनी तो बरा केला, पण लेन्सची डबी माझ्यासमोरच कचऱ्याच्या डब्यात टाकली. "आता हे बंद. खेळायचं असेल तर लेझरचा विचार कर."

मी पुष्कळ विचार केला. आईला तर डोळ्याला कुणी हात लावणार हीच कल्पना सहन होईना. आमच्या घरात निर्णय बाबा घेतात असा समज आहे. बँकेच्या बदलीने ते उज्जैनला आले आणि इथलेच झाले. पण या वेळी ते म्हणाले, "डोळा तुझा, खेळ तुझा. तू सांग." मी हो म्हटलं.

देवास गेटच्या बसस्थानकावरून बस धरून आम्ही इंदूरला गेलो. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या आणि थेट बोलणाऱ्या.

"खेळताना तोंडावर मार बसतो का?"

"मार नाही, पण खांबाला गाल दाबून धरावा लागतो. कधी कोपरही लागतं."

"मग बुबुळाचा पापुद्रा उचलून लेझर करायचा प्रकार तुझ्यासाठी नको. पुढे कधी धक्का लागला तर पापुद्रा सरकू शकतो. आपण वरचा थर खरवडून काढू. तो पुन्हा येतो. दुखेल जास्त आणि नीट दिसायला कित्येक आठवडे लागतील. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "पण एकेक डोळा करायचा. दोन्ही एकदम नको."

त्या हसल्या. बरेच जण एकदम उरकतात म्हणाल्या, पण माझं ऐकलं. आधी उजवा करायचा ठरलं.

टेबलावर मी पूर्ण जागी होते. थेंबांनी डोळा बधिर झालेला, पापण्या चिमट्यात अडकवलेल्या. वर एक हिरवा ठिपका होता, त्याच्याकडे बघत राहायचं होतं. डॉक्टरांनी डोळ्यावर काहीतरी फिरवलं आणि तो ठिपका पाण्यात रंग सुटावा तसा पसरला. मला माझीच नजर पुसली जाताना दिसत होती. मग टकटक असा आवाज सुरू झाला आणि केस जळल्याचा वास आला. तो वास माझाच आहे हे समजायला थोडा वेळ लागला.

पुढचे काही दिवस अंधाऱ्या खोलीत गेले. डोळ्यात वाळू भरल्यासारखं व्हायचं आणि आई थेंब घालून जायची. दुखणं ओसरल्यावर घाम आणि धूळ टाळायच्या अटीवर घराबाहेर पडायची परवानगी मिळाली. मी काळा गॉगल लावून मैदानावर गेले आणि पायऱ्यांवर बसून बाकीच्यांचा सराव बघू लागले.

एकच डोळा केलेला माणूस दिवसभर एक खेळ खेळतो. हा मिटून बघ, तो मिटून बघ. मीही तेच करत होते. उजवा अजून धूसर होता, पण जग त्याच्यात रोज थोडं थोडं जमून येत होतं. उजव्याने पाहिलं तर भिंत, भिंतीतून फुटलेलं पिंपळाचं रोप, गंजलेलं दार. डाव्याने पाहिलं तर सगळं पूर्वीसारखं सांडलेलं, आणि दाराशी तो माणूस.

मी पुन्हा उजव्याने पाहिलं. दार, रोप, भिंत.

डाव्याने पाहिलं. तो उभा.

मला आधी हसूच आलं. भिंतीवरचा डाग असेल, ओल असेल. मी उठले, उजवा डोळा हाताने झाकला आणि त्याच्या दिशेने चालू लागले. माझ्या नंबरच्या माणसाला जवळ गेलं की वस्तू स्पष्ट होत जातात, हे मला लहानपणापासून पाठ होतं. दाराची कडी दिसायला लागली, पिंपळाची पानं सुटी झाली. तो मात्र तेवढाच राहिला. मोठा झाला नाही, स्पष्टही झाला नाही. हात लावता येईल इतकं अंतर उरलं आणि तिथे कुणी नव्हतं. मागे वळून पायऱ्यांशी आले, डाव्याने पाहिलं. तो जागेवर होता.

त्या सकाळी ऊन चांगलंच होतं, तरी माझ्या दंडांवर काटा आला.

सर खांबाला तेल चोळत होते. मी विचारलं, "सर, वो पीछे के गेट पे जो अंकल खड़े रहते हैं, वो किसके पापा हैं?"

"कौन अंकल? उधर तो कोई नहीं आता. गेट ही बंद है."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील, रागावतील, घरी पाठवतील असं वाटलं होतं. त्यांचा हात खांबावर थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही.

"किधर देख रहा है वो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "तेरी तरफ़, या बाहर की तरफ़?"

"मेरी तरफ़."

"तो ठीक है," म्हणाले आणि पुन्हा तेल चोळू लागले. नंतर मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्याच मुलीला हाक मारली.

इंदूरच्या डॉक्टरांना तपासणीच्या वेळी मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला. पडदा उत्तम होता. "मेंदूला अर्धवट चित्र आवडत नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं धूसर पाहिलंस, तर रिकाम्या जागी त्याने काहीतरी भरून ठेवलं असेल. दुसरा डोळा केला की जाईल. आणि लवकर कर. एक डोळा असा, एक तसा, तुला अंतराचा अंदाज येणार नाही. खांबावरून पडशील."

त्यांचं खरं होतं. डोकं सतत दुखायचं, जिना उतरताना पाय चुकायचा. तरी मी तारीख पुढे ढकलत राहिले. दुसरा डोळा केला की जाईल, हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. मला त्याचीच हुरहूर लागली होती. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघून तोल धरला होता. माझं प्रत्येक पडणं त्याने पाहिलं होतं, आणि मी त्याला काका म्हणूनही कधी हाक मारली नव्हती.

शेवटी आईने धरलंच. "अशी कशी गं तू? अर्धं काम करून बसलीस. घाबरलीस का?"

मी तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "मग सांगून जा त्याला. इतके दिवस उभा राहिला बिचारा. असं न सांगता निघून जाऊ नये."

इंदूरला जायच्या आदल्या सकाळी मी मैदानावर लवकर गेले. कुणी आलं नव्हतं. उजवा डोळा झाकून पायऱ्यांजवळ उभी राहिले. तो होता. "काका," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "उद्या इंदूरला जाते आहे. डोळा करायला. परत येईन तेव्हा तुम्ही दिसणार नाही बहुतेक."

त्याला चेहरा नव्हता, पण चेहऱ्याच्या जागी एक उजळ ठिपका असायचा आणि वर केसांचा काळा डाग. मी बघत असताना तो उजळ ठिपका बारीक होत गेला आणि मग नुसता काळा राहिला. त्याने पाठ फिरवली होती, तोंड बाहेरच्या बाजूला. हात तसाच दाराला टेकलेला होता. मी तिथून पळाले नाही, पण चालले तेही धड नाही.

डावा डोळा ठरल्याप्रमाणे झाला. वाळू, अंधार, थेंब, सगळं पुन्हा. नजर आठवड्या-आठवड्याने जुळून येत गेली. मी मैदानावर बसून त्या दाराकडे पाहायचे. पिंपळाचं रोप जितकं कोरीव होत होतं तितका तो विरळ होत होता, आणि एका सकाळी तिथे नुसतं दार होतं. गंजलेल्या पत्र्यावर जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते. मला एकेक पोपडा दिसत होता.

खांबावर परतले तेव्हा खरी भीती कळली. बोंडावर उभी राहिले आणि खालची माणसं, गादीची शिवण, सगळं इतकं स्पष्ट दिसलं की तोल गेला. मी पडले. दुसऱ्या दिवशीही पडले. सरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून चढायला लावलं, मग संच अर्धा झाल्यावर पट्टी सोडायला लावली. तोल परत यायला हिवाळा गेला.

पुढची निवड चाचणी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये झाली. दिव्यांभोवती अजून फिकट वलयं दिसायची, तेवढी कसर राहिली होती. मी बोंडावर एका पायावर उभी राहिले, नजर समोर हॉलच्या खांबातल्या एका खिळ्यावर लावली आणि ती ढळली नाही. उडी गादीच्या मधोमध पडली. माझी निवड झाली. बाबा टाळ्या वाजवत उभे राहिलेले मला इतक्या लांबून दिसले, त्यांचे ओले डोळेसुद्धा.

त्याआधी, गुण लागेपर्यंत, मी गादीच्या कडेला बसून प्रेक्षकांकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला बघणाऱ्यांना चेहरे होते. मी एकेक रांग पाहत गेले. फिकट कपड्यांतले बरेच जण होते. त्यांच्यातला कुणी तो असता तरी मला कळलं नसतं.