सोजराबाईंचे बोंबील आणि संधीचा मंडप

पालघर जिल्हा झाल्यापासून इथली गरिबी किती हटली ते मला ठाऊक नाही, गरिबीवरच्या सभा मात्र बेसुमार वाढल्या. परिसंवाद, जनसंवाद, खुली चर्चा, विचारमंथन. यांतल्या निम्म्या सभांच्या मंचावर, अगदी कडेच्या खुर्चीत, दातिवऱ्याच्या सोजराबाई बसलेल्या असत. गरिबीवर बोलायचं तर मंचावर एक गरीब लागतोच. तो बोलका हवा, पण फार बोलका नको. सोजराबाई पहिल्या अटीत बसत, दुसरीत नाही. हे आयोजकांना दरवेळी उशिरा कळे.

बाई साठीच्या. नवरा वारला, बोट दिराकडे गेली, आणि बाईंच्या वाट्याला आली किनाऱ्यावरची वाळवणाची जागा. म्हणजे काय, तर वाळूत रोवलेले बांबू आणि त्यांवर ताणलेल्या दोऱ्या. ओले बोंबील विकत घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची, दोरीवर टांगायची, कडक वाळली की बोईसरच्या बाजारात न्यायची. एवढ्यावर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली आणि मुलाला आयटीआय करून एमआयडीसीत चिकटवलं. संतबिंत मुळीच नव्हत्या. ताज्या वाट्याखाली गेल्या वर्षीचे बोंबील सरकवताना मी त्यांना स्वतः पकडलंय. त्यावर मलाच ऐकवलं, "बाई, सोयरीक जमवताना पोरीची खोड पुढं करतात काय?" सुनेशी, सपनाशी, रोज खटके. पण बोंबलाच्या जोड्या लावायला बसल्या की दोघींचे हात एका यंत्राचे असावेत तसे चालत.

सभांना त्या हौसेने जात. "पंख्याखाली बसायला मिळतं, जेवान मिळतं. आनि माज्या गरिबीवर ती शिकलेली पोरं डोळं पुसतात. माजी सासू तरी कदी रडली काय?"

यातलंच एक शिकलेलं पोर म्हणजे केदार. मुंबईहून आलेला, पालघरला फ्लॅट घेऊन राहणारा, एका संस्थेचा चालक. त्याच्या तोंडी 'संधी' हा शब्द पानातल्या चुन्यासारखा कायम लागलेला. गेल्या जानेवारीत त्याने दातिवऱ्याला संधी द्यायचं ठरवलं. किनारा सुशोभित करायचा, बाकं, फरसबंदी, फोटो काढायला एक मोठं लाकडी हृदय, आणि बायकांना भजीचे ठेले. जागा कुठली? वाळवणाची. तीच तेवढी सपाट आणि मोकळी होती म्हणे! मोकळी. चार महिने जिथे बोटभर दोरी रिकामी नसते ती.

मंजुरीसाठी गावकऱ्यांची संमती हवी होती. म्हणून किनाऱ्यावरच जाहीर सभा, वरचे साहेब हजर, आणि वर केलेल्या हातांचा फोटो. मलाही बोलावलं. अर्थशास्त्र शिकवलेली म्हातारी मंचावर बरी दिसते.

वार शनिवार, कारण साहेब त्या दिवशी मोकळे. पौर्णिमा दोनच दिवसांपूर्वी होऊन गेलेली. किनाऱ्यावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पुनवेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि जाळी भरून येतात. बायकांशी बोलायचं तर भांगात यावं, अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं तेव्हा. केदारने गावात कुणाला विचारलं नाही. त्याने मोबाइलमध्ये पाहिलं, तिथे शनिवार रिकामा होता.

आदल्या संध्याकाळी मंडपवाल्यांनी बाईंचे बांबू उपटून कडेला ढीग घातला आणि तिथे मंडप ठोकला. सकाळी मी पोहोचले तेव्हा बोटी लागल्या होत्या, बोंबलांच्या पाट्या वाळूत उतरल्या होत्या आणि बाई कमरेवर हात देऊन केदारसमोर उभ्या होत्या.

"माजे बांबू कुटं हायत?"

"मावशी, फक्त आजचा दिवस. आज तुमच्याच भविष्यावर बोलायचंय."

"भविष्य सांजच्याला बोल. बोंबील तवर थांबनार नाय."

"मावशी, साहेब येतायत. वास येईल हो."

"गरिबीची सभा घेतोस ना? मग काय अत्तर येल?"

केदार हसला. सभेत हसतात तसा, दात दाखवून. तेवढ्यात बाईंनी मंडपाच्या दोऱ्या खालपासून वरपर्यंत न्याहाळल्या आणि सुनेकडे वळल्या. "सपने, बघतेस काय? टांग."

सपनाने आयुष्यात प्रथमच सासूला उलट उत्तर दिलं नाही. तिने उन्हाकडची कनात गुंडाळली आणि पहिली जोडी चढवली. मग किनाऱ्यावर वाळवण घालणाऱ्या बाकीच्या बायका आल्या. मंडपाच्या दोऱ्या भरल्या, खांबाखांबांत नव्या बांधल्या, त्याही भरल्या. 'समृद्धीकडे पाऊल' या फलकातलं पाऊल बोंबलांआड गेलं. साहेब आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर ऊन होतं आणि डोक्यावर थेंब पडत होते. केदारला बोंबील उतरवताही येईनात, कारण पत्रकार त्यानेच बोलावले होते.

मी भाषण केलं नाही. बोंबलांवर जमलेल्या कावळ्यांपुढे कोण बोलणार?

केदारने मात्र नेटाने अर्धा तास संधी समजावली. मग म्हणाला, "ज्यांना ही संधी हवी आहे, त्यांनी हात वर करा!"

त्याच्या संस्थेची पाच पोरं तेवढी हात वर करून बसली. बायकांचे दोन्ही हात बोंबलांत. एकीनेही काम थांबवलं नाही.

"मावशी, तुम्ही तरी!"

"जागा हीच ना?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"हो, हीच."

"मग आमी वाळवायचं कुटं?"

"पर्यायी जागेचा अभ्यास चालू आहे."

"तुजा अभ्यास होस्तवर तुज्या घरी टांगू? गॅलरी हाय ना पालघरला?"

बायका अशा हसल्या की एकीच्या हातची जोडी सुटून मंचावर पडली. साहेब उठले. "संमती दिसत नाही," एवढं सहायकाला लिहून घ्यायला सांगून ते गाडीत बसले. त्यांना न्यायाची चाड होती असं कुणी समजू नये. त्यांना सदरा बदलायचा होता.

संध्याकाळी मंडपवाला सामान न्यायला आला. "सुकलं की ने," बाईंनी सांगितलं. "आनि वरचं कापड आत्ताच काढ, ऊन अडतं." त्याने काढलं. बोंबील कडक होईपर्यंत मंडपाचा सांगाडा तिथेच उभा होता आणि भाडं केदारच्या संस्थेवर चढत होतं. संस्थेच्या अहवालात तो खर्च 'स्थानिक महिलांसाठी पायाभूत सुविधा' म्हणून लागलाय. या लोकांचे अहवाल मी वर्षानुवर्षं वाचतेय. खरं निघालेलं हे पहिलंच वाक्य.

सुशोभीकरण आता दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या नशिबी आहे. वाळलेला माल उतरवल्यावर सासू-सुनेने बांबू पुन्हा रोवले. एक वाकडा गेला, तो कुणी रोवला यावरून त्या अजून भांडतायत.